बाळंतपणाची पिशवी महिना बघून भरा

माझी मोठी मुलगी मे महिन्यात अकोल्याला झाली, धाकटा जुलैमध्ये डोंबिवलीला. दोन्ही वेळा पिशवी आईने भरली आणि दोन्ही वेळा सामान तेच: लोकरीच्या दोन टोप्या, पायमोजे, तीन कुंच्या, एक जाड दुपटं, ओव्याची पुरचुंडी आणि शेगडीसाठी कोळसे. तिची चूक नव्हती. आजीने तिची पिशवी अशीच भरली होती, आणि मी स्वतः जानेवारीतली.

अकोल्यात तेव्हा दुपारी पारा 44 च्या पुढे जात होता. ‘बाळाला वारं लागेल’ म्हणून कूलर बंद, ‘पोट सुटेल’ म्हणून मला पाणी मोजून, आणि पोरगी टोपी-मोज्यांसकट दोन दुपट्यांत गुंडाळलेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तापली, दूध ओढेना. दवाखान्यात गेल्या गेल्या नर्सने तिचे सगळे कपडे काढले आणि तिला काट्यावर ठेवलं. जन्माचं वजन 2 किलो 900 ग्रॅम होतं, त्या दिवशी 2 किलो 580 भरलं. लंगोटावर विटकरी रंगाचा डाग होता, आम्हाला तो रक्ताचा वाटला होता. रक्त तपासलं तर त्यातलं मीठ वाढलेलं, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. दोन दिवस तिला तिथेच ठेवून घेतलं.

बाळंतिणीची बंद खोली, शेक, शेगडी, धुरी, बाळाला बांधून ठेवणं ही रीत बघितली की मला वाटतं, ती थंडी-पावसातल्या घरासाठीच बनली असावी: मातीच्या भिंती, गळकं छप्पर, ओलसर जमीन. त्या घरात ती शहाणपणाची होती. वऱ्हाडातल्या मे महिन्यात किंवा सिमेंटच्या फ्लॅटमध्ये ती तशीच्या तशी चालवली की घोटाळा होतो. म्हणून खालचं सगळं महिन्याच्या हिशोबाने लिहिलंय.

आधी कॅलेंडर काढा

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर पेनाने गोल करा. मग पुढे मोजत जा. सहा, दहा आणि चौदा आठवडे म्हणजे लसीकरणाच्या फेऱ्या. त्या भर पावसात येतात की भर उन्हात, ते आत्ताच कळेल. बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि हिपॅटायटिस बी जन्मतःच मिळतात, त्यांची चिंता नको. सहा महिन्यांवर उष्टावण. नोकरी असेल तर आणखी एक खूण करा: पगारी प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची असते, पण त्यातले काही आठवडे आधीच वापरले तर नंतरचे तितके कमी होतात. मे महिन्यात बाळंत होणाऱ्या बाईने चार आठवडे आधी रजा घेतली, तर ती ऑक्टोबरमध्ये कामावर रुजू होते. म्हणजे बाळ पाळणाघरात जातं ते नेमकं सर्दी-खोकल्याच्या दिवसांत. हे आधी दिसलं तर आजीला कोणत्या महिन्यात बोलवायचं, ते ठरवता येतं.

इथे एक विषयांतर. राज्यात शाळाप्रवेशाचं वय मोजायची तारीख 31 डिसेंबर आहे. त्यामुळे 31 डिसेंबरचं आणि 1 जानेवारीचं बाळ वर्गात एका वर्षाने वेगळं पडतं, आणि वर्षअखेरीस सिझेरियन इकडचं तिकडे करायची कुजबूज घराघरांत होते. मुहूर्तासाठीही होते. वैद्यकीय कारण नसेल तर 39 आठवडे भरण्याआधी तारीख ओढू नका. त्या दोन-तीन आठवड्यांत बाळाची फुफ्फुसं तयार होत असतात आणि अंगावर चरबी चढत असते. पुढे येणारी थंडी बाळ ज्यावर काढणार, ती हीच चरबी.

बाळाला गरम होतंय की थंडी वाजतेय

नवजात बाळ कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही. त्याच्या पाठीला, खांद्यांच्या मधे खास तपकिरी चरबी असते, ती जाळून ते ऊब धरतं. वजनाच्या मानाने त्याची त्वचा खूप, त्यामुळे ते पटकन गार पडतं. उलट बाजूने, त्याला नीट घामही येत नाही, त्यामुळे ते पटकन तापतंही. कोणत्याही महिन्यात हाताने करायची परीक्षा एकच. आपले हात पुसून कोमट करा. आधी बाळाच्या पोटाला हात लावा, मग तळपायांना. दोन्ही कोमट असतील तर बाळ मजेत आहे. पोट कोमट आणि पाय गार, तर त्याला थंडी वाजतेय. एक थर वाढवा किंवा सरळ उघड्या छातीशी धरा आणि वरून दुपटं घ्या. पोटही गार लागलं तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. मान आणि पाठ चिकट, चेहरा लाल, श्वास भराभर, तर कपडे जास्त झालेत.

हात आणि ओठांभोवतीची त्वचा पहिल्या एक-दोन दिवसांत निळसर दिसू शकते, जीभ आणि ओठ मात्र गुलाबीच हवेत. घरात एक डिजिटल थर्मामीटर ठेवा. काखेत 36.5 ते 37.5 अंश सेल्सियस हे बरोबर. खोलीसाठी शंभर-दोनशे रुपयांचं तापमापक भिंतीला लावा; आईचा आणि सासूबाईंचा वाद ते परस्पर मिटवतं. खोली 26 ते 28 अंशांच्या आसपास असेल तर पूर्ण दिवसांच्या बाळाला सुती झबलं, लंगोट आणि एक पातळ दुपटं पुरतं.

मार्च ते जून: उन्हाळ्यातलं बाळ

उन्हाळ्यात खरी काळजी पाण्याची असते, आणि ते पाणी दुधातूनच जायला हवं. आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणी असतं. नागपूर असो की चंद्रपूर, सहा महिन्यांच्या आत बाळाला वरचं पाणी, साखरपाणी, ग्राइप वॉटर, मधाचं बोट, काही लागत नाही. पाण्याने त्याचं इवलंसं पोट भरतं आणि ते दूध कमी ओढतं. मध तर वर्षापर्यंत वर्ज्यच. बाळ जास्त वेळा, थोडं थोडं पिईल, पिऊ द्या. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा.

दूध पुरतंय की नाही, हे लंगोट मोजून कळतं. पहिल्या दिवशी एक-दोन, मग रोज वाढत जाऊन पाचव्या दिवसापासून 24 तासांत निदान सहा वेळा भरपूर, फिकट लघवी हवी. विटकरी डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत एखाद्या वेळी दिसतो. चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसत राहिला तर दूध कमी पडतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, पण 10 टक्क्यांच्या वर उतरलं तर डॉक्टरांना दाखवायला हवं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. घरी जाताना दवाखान्यातून वजन लिहून घ्या आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा करा. मे महिन्यातल्या बाळासाठी हे मी सक्तीचंच म्हणेन.

आणि बाळंतिणीला पाणी द्या. मोजून नको. प्रत्येक पाजण्याच्या वेळी हाताशी तांब्या हवा. ताक, पातळ वरण, भाताची पेज, सगळं चालतं. डिंक-मेथीचे लाडू आणि अळिवाची खीर मे महिन्यात दिवसाला दोनदा घशाखाली उतरत नसेल तर एकदाच खा, किंवा अळीव भिजवून नारळाच्या दुधात घ्या. लाडू न खाल्ल्याने दूध आटत नाही. बाळ कमी वेळा पाजलं की आटतं.

खोलीचं म्हणाल तर पंखा चालतो. कूलरही चालतो, फक्त झोत थेट बाळावर नको आणि खोलीची एक खिडकी किलकिली हवी. वऱ्हाड-विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर आणि वाळ्याच्या ताट्यांसारखं दुसरं काही नाही. मुंबई-कोकणात तोच कूलर खोली दमट करतो, तिथे पंखा किंवा एसी बरा. एसी 26 वर, झोत छताकडे. लाइट जाते तिथे दुपारी भिंतीला लागून, वरच्या मजल्यापेक्षा खालच्या खोलीत, खिडकीवर ओली चादर टांगून बाळाला ठेवा. पत्र्याचं घर असेल तर दुपारी 12 ते 4 शेजारच्या स्लॅबच्या घरात बसायला लाजू नका. आम्ही त्या दुसऱ्या आठवड्यात हेच केलं. शेजारच्या काकूंच्या देवघरात पाळणा बांधला होता.

घामोळ्यांवर पावडर नको. ती बाळाच्या श्वासात जाते आणि वळ्यांमध्ये तिचा चिखल होतो. साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा, उघडं ठेवा. मालिशला खोबरेल पुरतं, तेही आंघोळीआधी हलक्या हाताने आणि नंतर नीट धुऊन काढा. उन्हाळ्यात अंगावर राहिलेलं तेल घामोळी वाढवतं. शेगडी आणि धुरी या दिवसांत माळ्यावर.

उन्हाळ्यात कावीळही नीट बघावी लागते, कारण दूध कमी गेलं की ती वाढते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा थोडा पिवळा दिसणं बऱ्याच बाळांत होतं. पहिल्या 24 तासांत पिवळं दिसलं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला, तर त्याच दिवशी दवाखाना. सकाळच्या उन्हात धरून कावीळ उतरवायचा उपाय आता डॉक्टर सांगत नाहीत. मे महिन्यात तर त्याने बाळ भाजेल.

जून ते सप्टेंबर: पावसाळ्यातलं बाळ

धाकट्याच्या वेळी मी हुशार झाले होते, असं मला वाटत होतं. लोकरीच्या टोप्या घरी ठेवल्या आणि लंगोट दोन डझन घेतले. डोंबिवलीत त्या जुलैत सलग नऊ दिवस सूर्य दिसला नाही. बाळ दिवसाला बारा ते पंधरा लंगोट ओले करतं आणि एक लंगोट वाळायला दीड-दोन दिवस लागतात, हे गणित मी केलंच नव्हतं. चौथ्या दिवशी नवऱ्याच्या जुन्या धोतराचे तुकडे पाडले. त्यामुळे आकडा सांगते: पावसाळ्यात कापडी लंगोट निदान चाळीस. जुन्या सुती साड्या आणि धोतरं यांची बाळोती उत्तम, कारण पातळ आणि खूप धुतलेलं कापड लवकर वाळतं. नवे जाड फलाटीचे तुकडे तीन दिवस ओलेच राहतात. रात्रीपुरते आणि दवाखान्यात जाताना बाजारचे डायपर वापरा, दर तीन-चार तासांनी बदला, त्यात काही पाप नाही.

वाळवायला पंख्याखाली दोरी बांधा, कपडे एकमेकांना चिकटू देऊ नका आणि शेवटी प्रत्येक लंगोटावर गरम इस्त्री फिरवा. उरलेली ओल जाते आणि बुरशीही मरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून त्यावर बाळोती वाळवतात. युक्ती चांगली आहे, पण ती पडवीत करा. कपड्यांना लागलेला धुराचा वास बाळाच्या नाकाशी रात्रभर राहतो, आणि ओवा-वेखंडाची धुरी झाली तरी फुफ्फुसांना ती धूरच.

लंगोटाच्या जागी लाल, किंचित उंचावलेले आणि कडेला बारीक पुटकुळ्या असलेले चट्टे आले तर ती बहुधा बुरशी असते. साध्या क्रीमने ती जात नाही, डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम लागतं. दिवसातून तीन-चारदा दहा मिनिटं बाळाला खालून उघडं ठेवलं तर अर्धा त्रास टळतो. नाळ पावसाळ्यात वाळायला वेळ घेते. तिला हळद, तेल, राख, पावडर काही लावू नका. लंगोट नाळेच्या खाली दुमडा. एक-दोन आठवड्यांत ती आपोआप पडते. भोवती लाली पसरली, पू आला किंवा घाण वास आला तर दाखवा.

डास. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि बाळ दिवसाच सगळ्यात जास्त झोपतं. म्हणून मच्छरदाणी चोवीस तास हवी. छत्रीसारखी उघडणारी मिळते, ती पाळण्यावर बसते. अगरबत्ती आणि कॉइलचा धूर नको. अंगाला लावायची डासांची क्रीमं दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नयेत. आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’: कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, पाण्याचं पिंप, फ्रिजमागचा ट्रे, सगळं रिकामं करून घासायचं. उन्हाळ्यातल्या कूलरमध्ये उरलेलं पाणी लोक विसरतात आणि जूनच्या शेवटी त्यातूनच डास उठतात.

पाणी उकळून पिण्याचा नियम बाळंतिणीला आणि घरातल्या सगळ्यांना. निव्वळ अंगावर पिणारं बाळ पावसाळ्यातल्या जुलाबांपासून बरंच वाचतं, कारण त्याच्या पोटात बाहेरचं पाणी जातच नाही. बाटली सुरू केली की तो फायदा गेला. बाहेरून पाणी तुडवत आलेल्या माणसाने हातपाय साबणाने धुऊन, कपडे बदलून मगच बाळाला घ्यावं. बाबांनासुद्धा हे लागू, आणि सांगताना संकोच नको.

ढगाळ दिवसांत कावीळ ओळखणं अवघड जातं. पिवळ्या बल्बखाली गोरं बाळही पिवळं दिसतं. दिवसा खिडकीशी नेऊन कपाळावर, मग छातीवर, मग तळपायावर बोट दाबून सोडा. दाबलेल्या जागी त्वचेचा मूळ रंग दिसतो.

नदी-नाल्यांपलीकडच्या गावात बाळंतपण असेल तर सगळ्यात मोठं काम जूनच्या आधीचं. गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो; असे किती तरी तालुके आहेत. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ असतं, तिथे गरोदर बाईला तारखेच्या आधी येऊन राहता येतं. आशाताईंना सातव्या-आठव्या महिन्यातच विचारा. 102 ची गाडी गरोदर बाई आणि बाळ या दोघांसाठी मोफत आहे, तातडीला 108. कोणत्या पुलापर्यंत गाडी येऊ शकते, हे आधी माहीत हवं.

ऑक्टोबर

याच्याबद्दल कोणी बोलत नाही, पण ऑक्टोबरचं बाळ सगळ्यांत फसवं. दुपारी उन्हाळा, पहाटे थंडी. दिवसातून दोनदा कपडे बदलायची तयारी ठेवा, एवढंच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: थंडीतलं बाळ

आता आईची पिशवी कामाला येते. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. माझ्या जाऊबाईंचं बाळ तिथलं, डिसेंबरचं, 2 किलो 200 ग्रॅमचं. त्या बाळाला उबेला ठेवलं ते शेगडीने नाही, आईच्या छातीने. कांगारू पद्धत म्हणतात: बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, आईच्या उघड्या छातीवर उभं, पाय बेडकासारखे, वरून आईचं ब्लाऊज आणि शाल. आई दमली की बाबा, मग आजी. दिवसात जितका जास्त वेळ, तितकं चांगलं. अडीच किलोच्या आतल्या बाळासाठी थंडीत याहून मोठं औषध नाही आणि लाइट गेली तरी ते बंद पडत नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळाला कपड्यांचा नियम सोपा: तुमच्या अंगावर जितके थर, त्यापेक्षा एक जास्त. एका जाड स्वेटरपेक्षा सुती झबल्यावर दोन पातळ थर बरे, मधली हवा ऊब धरते. लोकर थेट त्वचेला नको. पहिल्या काही दिवसांत टोपी हवीच, कारण बाळाचं डोकं मोठं आणि उष्णता तिथूनच जास्त जाते. पण बाळ झोपल्यावर तोंडावर सरकेल अशी सैल टोपी, जाड गोधडी, उशी, मऊ खेळणी जवळ नकोत. पाठीवर झोपवा, पांघरूण छातीपर्यंत, हात बाहेर.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. ओळखता न येणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड त्यातून निघतो आणि आई-बाळ झोपेतच गुदमरतात. शेक घ्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून, बाळाला दुसऱ्या खोलीत देऊन घ्या आणि नंतर निखारे बाहेर काढा. झोपण्याआधी तासभर विजेचा हीटर लावून खोली गरम करा, मग बंद करा. गरम पाण्याची पिशवी अंथरुणावर फिरवून काढून घ्या, बाळाजवळ सोडू नका.

पहिली आंघोळ जन्मानंतर निदान 24 तासांनी. थंडीत रोज आंघोळ लागतच नाही. एक दिवसाआड, दुपारी 12 च्या सुमारास, खिडक्या लावून, पाच मिनिटांत. मधल्या दिवशी मान, काखा आणि जांघा ओल्या कापडाने पुसा. मालिशवाल्या बाई अर्धा तास उघड्या बाळाला चोळत बसतात, त्यांना हात जोडून सांगा: आधी वरचं अंग, ते झाकून मग खालचं. 24 अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, ते वाटीसकट गरम पाण्यात ठेवून पातळ करा. ते थिजलं असेल तर खोलीही बाळासाठी गारच आहे, असं समजा. कानात, नाकात, बेंबीत तेल घालू देऊ नका, आणि बाळाला उलटं धरून झटकू देऊ नका.

पावसाळा संपता संपता आणि थंडीत श्वासाचे आजार फिरतात. मोठ्यांना नुसतं पडसं होतं, दीड महिन्याच्या बाळाची मात्र छाती भरते. बाळ नाकानेच श्वास घेतं, म्हणून नाक चोंदलं की पिता येत नाही. पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे, औषधाच्या दुकानातले थेंब एक-एक घाला. कापूर-मेंथॉलचं मलम नको. शिंकणाऱ्याने बाळाला घ्यायचं नाही, तो कोणीही असो. घरात कुणाला सर्दी झाली तरी आईने पाजणं थांबवू नये. तिने तोंडाला मास्क लावावा आणि पाजत राहावं. गरोदरपणातच फ्लूची लस घेतली असेल तर तिचं संरक्षण बाळालाही काही महिने मिळतं. बाळाला स्वतःला ती सहा महिन्यांआधी देता येत नाही.

थंडीतलं ऊन खायला छान असतं. बाळाला घेऊन बसा, पण ड जीवनसत्त्वाचे थेंब त्यासाठी सोडू नका. बालरोगतज्ज्ञ वर्षभर रोज 400 युनिट सांगतात, बाळ कोणत्याही महिन्यातलं असलं तरी. बाटलीवरची ताकद वाचा, सगळ्या कंपन्यांच्या एका मिलिलिटरमध्ये सारखं औषध नसतं.

ऊसतोडीला निघालेल्या घरांसाठी दोन शब्द. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे थंडीतली बाळंतपणं कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) होतात. माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा. लस कोणत्याही सरकारी केंद्रात मिळते, गावाचं नाव विचारून कोणी परत पाठवू शकत नाही. कोपीत जमिनीवर उसाच्या पाचटाचा जाड थर, त्यावर ताडपत्री, मग अंथरूण. चूल कोपीच्या बाहेर. आशाताईंच्या घरभेटी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने उभी केली. जिथे जाल तिथल्या आशाताईंना तुम्ही आल्याचं कळवा.

परदेशातल्या लेकीकडे बाळंतपणाला निघालेल्या आजींनाही एक सांगायचंय. टोरंटोत बाहेर उणे वीस असलं तरी घरात हीटर असतो. घरात बाळाला कुंचीत गुंडाळाल तर ते तापेल. गाडीतल्या बाळाच्या सीटचे पट्टे जाड जाकिटावरून बांधू नका, पट्टा सैल राहतो. आधी पट्टे, मग वरून दुपटं.

सण आणि पाहुणे

बारसं बाराव्या दिवशीच व्हायला हवं, असं कुठे लिहिलेलं नाही. मे महिन्यात संध्याकाळी सातनंतर ठेवा. पावसाळ्यात घरच्या घरी. थंडीत ज्यांना खोकला आहे त्यांनी फोनवरून नाव ऐकावं. गणपतीतले ढोल आणि डीजे खिडकीखालून जाणार असतील तर तेवढा वेळ बाळाला घराच्या मागच्या खोलीत न्या. कापसाचे बोळे कानात कोंबून आवाज अडत नाही. दिवाळीत संध्याकाळी सहा ते दहा खिडक्या बंद. शक्य असेल तर लक्ष्मीपूजनाच्या रात्री धूर कमी असलेल्या नातेवाइकांकडे जा. होळीच्या धुळवडीला रंग खेळून आलेल्यांनी आंघोळीशिवाय पाळण्याजवळ फिरकू नये.

हे दिसलं तर थांबायचं नाही

कोणत्याही महिन्यात, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काखेत 37.5 च्या वर ताप आला तर आधी जास्तीचे कपडे काढा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. उतरला तरी डॉक्टरांना फोन करा, उतरला नाही तर निघा. 38 असेल तर मोजत बसू नका. अंग 36.5 च्या खाली असेल आणि छातीशी धरूनही वर येत नसेल तर निघा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, बाळ शांत असताना. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा, तेवढेच आले तर निघा. बरगड्यांखाली खळगा पडणं, कण्हणं, दूध ओढणं बंद होणं, अंग ढिलं पडणं, आचके, पहिले एक-दोन दिवस सोडले तर सहा तासांहून जास्त वेळ लघवी न होणं, हिरवी उलटी. यातल्या कशालाही बाळगुटी नाही आणि दृष्ट काढणंही नाही. जाताना बाळ छातीशी, वरून शाल.

सहा महिन्यांनी ऋतू बदललेला असतो

पिशवी भरताना कपडे पुढच्या ऋतूचेही बघा. जुलैत शून्य ते तीन महिन्यांच्या मापाचे स्वेटर घेणारे लोक मी बघितलेत. थंडी येईपर्यंत बाळ त्यात मावत नाही. जुलैच्या बाळाला नोव्हेंबरमध्ये सहा महिन्यांचं माप लागतं. नोव्हेंबरच्या बाळाचं उष्टावण मे महिन्यात येतं, तेव्हा शिजवलेलं अन्न तासाभरात संपवा, उरलेलं टाका. पहिला घास आमरसाचा द्यायचा मोह होतो, पण आधी मऊ वरण-भात सुरू होऊ द्या. जानेवारीच्या बाळाचं उष्टावण जुलैत येतं. तेव्हा वाटी-चमचा उकळून घ्या आणि पाणी सकाळचं सकाळी उकळा.

आणि डिसेंबरचं बाळ पहिल्या संक्रांतीला जेमतेम महिन्याचं असतं. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने फोटोपुरते घाला, दोरा गळ्यात राहू देऊ नका. बोरन्हाणाला बाळाला आईच्या मांडीवर घ्या. डोक्यावरून चार चुरमुरे पुरे, बोरं आणि उसाचे करवे ताटातच राहू द्या. गोळा करायला जमलेल्या पोरांना तेच हवे असतात.